न फवारलेल्या ओळी

"सापडला का काय, मास्तर?"

गौराक्का ओळीच्या टोकाला उभी होती. ओच्यात खुडलेली पानं, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर मला चिडवायची पूर्ण तयारी. मी चिखलात गुडघे टेकून पानवेलीचं एकेक पान उलटं करून भिंगातून बघत होतो.

"नाही," मी म्हणालो.

"एक बी ठिपका न्हाई?"

"एकही नाही."

"मग बरं झालं की."

"बरं कुठलं? वाईट झालं."

"रोग आला न्हाई म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पयल्यांदाच बघते," ती म्हणाली आणि हसत पुढच्या ओळीत शिरली. मला मात्र हसू आलं नाही. त्या पावसाळ्यात करपा यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला अख्ख्या मिरज तालुक्यातला मी एकटाच इसम असेन.

करपा म्हणजे पानावर पडणारे तपकिरी ठिपके. बुरशीचा रोग. पावसाळी हवेत आठवड्याभरात मळाच्या मळा भाजल्यासारखा करून टाकतो. त्यावर बाजारात औषधं होती, पण विड्याचं पान माणूस थेट तोंडात घालतो, तेव्हा त्यावर विष मारायचं नाही, वनस्पतीचंच तेल मारून बुरशी आटोक्यात आणायची, असा आमच्या कृषी महाविद्यालयातला प्रकल्प होता. मी त्यावर करारावर नेमलेला संशोधन सहायक. आता सोळा-सतरा वर्षं झाली या गोष्टीला, पण गवती चहाचा वास आला की अजून माझं डोकं उठतं.

प्रयोगशाळेत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. काचेच्या बशीत गवती चहाच्या तेलाचा थेंब पडला की बुरशी जागच्या जागी थांबायची. मळ्यात आल्यावर त्याच तेलाने माझा जीव काढला. आधी ते पाण्यात मिसळेना. रिठ्याच्या पाण्यात घुसळलं तेव्हा कुठे मिसळलं. दुपारी फवारलं तर उन्हात उडून गेलं, प्रमाण वाढवलं तर कोवळी पानं पोळली. त्याआधीच्या वर्षी लवंगेचं तेल वापरून मी एका भल्या माणसाच्या वेली भाजून ठेवल्या होत्या आणि त्याने मला पुन्हा मळ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. खोतांनी मळा दिला तो शिवलिंग खोत माझ्या ओळखीचा म्हणून. मळा कागदावर शिवलिंगचा होता, पण त्यातलं पानही आईच्या शब्दाशिवाय हलायचं नाही. ती आई म्हणजे गौराक्का.

प्रयोग साधा होता. संध्याकाळी मळ्यात तेल फवारायचं, पण चार ओळी मुद्दाम सोडायच्या. त्या चार ओळींवर करपा आला आणि बाकीच्यांवर आला नाही, तर तेल लागू पडतं हे सिद्ध. या फरकावर प्रकल्पाचं पुढचं वर्ष अवलंबून होतं, आणि प्रकल्पावर माझी नोकरी. पण श्रावण सरत आला, पाऊस मनासारखा झाला, ओढ्यापलीकडचा मळा करप्याने पार बसला, आणि माझ्या न फवारलेल्या चार ओळी अशा हिरव्यागार की दृष्ट काढावी.

मी डॉ. खांबेट्यांना जाऊन सांगितलं. ते विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"फवारलेल्या ओळींवर रोग नाही?"

"नाही सर."

"न फवारलेल्यांवरही नाही?"

"नाही."

"मग तुम्ही सिद्ध काय केलंत? त्या मळ्यात रोग आलाच नाही, एवढंच. गणपती झाल्यावर प्रकल्प तपासायला समिती येणार आहे. तिला काय दाखवणार, हिरवळ?"

परतताना मी ओढ्यापलीकडच्या मळ्यातून करपलेल्या पानांची पिशवी भरून घेतली आणि खोतांच्या मळ्यात येऊन ती रोगट पानं माझ्या चार ओळींतल्या वेलींवर चोळायला लागलो. शास्त्रात हे बसतं. रोग आपणहून येत नसेल तर त्याला आणून सोडतात. पण गौराक्काला कोण सांगणार?

"हे काय चाललंय?" तिने मागून विचारलं. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"रोग लावतोय."

"चांगल्या वेलीला?"

"आक्का, रोग आल्याशिवाय औषध कळत नाही."

"मग आला की मारणार न्हवं औषध?"

"या चार ओळींना नाही मारायचं. या तशाच ठेवायच्या."

"मरंपत्तूर?"

"वेळ आली तर मरेपर्यंत."

ती एक पान हातात धरून उभी राहिली, अंगठ्याने ते पुसलं आणि निघून गेली. मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतरही करपा आला नाही. एखादा ठिपका पडायचा आणि तिथेच सुकून जायचा. मी पानं मोजली, पावसाची नोंद तपासली, चोळलेली बुरशी मेलेली होती की काय म्हणून प्रयोगशाळेत वाढवून बघितली. ती तिथे अगदी मजेत वाढली. फक्त माझ्या चार ओळींशीच तिचं काय वाकडं होतं देव जाणे. घरी बायको म्हणाली, "तुम्ही झोपेत 'ये, ये' म्हणता." मी तिच्यावरही खेकसलो.

समिती आली तेव्हा आदल्याच संध्याकाळी मी फवारणी करून सायकलने घरी गेलो होतो. जीपमधून खांबेटे उतरले, दोन सदस्य उतरले, आणि बाहेरगावच्या एक तज्ज्ञ मॅडम उतरल्या. शिवलिंगने सगळ्यांना शहाळी दिली. मॅडम मळा बघून खूश झाल्या.

"मळा फार सुरेख ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पण तुमचा प्रयोग कुठे आहे?"

"हाच, मॅडम. या चार ओळी न फवारलेल्या."

"आणि या फवारलेल्या?"

"हो."

"फरक काय?"

खांबेटे आभाळाकडे बघायला लागले. मॅडमनी न फवारलेल्या ओळीतलं पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मग शेजारच्या वेलीचं तोडलं. तेही हुंगलं.

"याला गवती चहाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"वाऱ्याने येत असेल. काल पलीकडे फवारलंय."

"वाऱ्याने पानाच्या पाठीला तेल लागत नाही."

मी पान हुंगलं. मला काही कळेना. तो वास माझ्या कपड्यांना, डब्याला, पिशवीला इतका मुरला होता की माझं नाक त्याच्यापुढे केव्हाच निकामी झालं होतं. मी शिवलिंगकडे बघितलं. शिवलिंगने जमिनीकडे बघितलं. आणि गौराक्का पुढे आली, पदर सारखा केला आणि कुणी निरोप सांगावा तितक्या सरळपणे म्हणाली, "मीच मारलं. दर बारीला मारते. पंपात उरलेलं असतंय की. हे मास्तर म्हणतात बांधावर वता. वतायचं कशाला?"

एक सदस्य खो खो हसले. मॅडमही हसल्या. खांबेटे हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "परतीच्या पावसात करपा पुन्हा उसळतो. दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर फरक दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद झाल्याचा अहवाल तुम्हीच लिहा." मग जीप धूळ न उडवता निघून गेली, कारण रस्त्यात सगळा चिखलच होता.

मी वळलो. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"आक्का, काय केलंत तुम्ही? माझं वर्ष मातीत घातलंत. माझी नोकरी जाईल आता, कळतंय का?"

"वेली जगल्या की," ती म्हणाली.

"जगायला नकोच होत्या त्या. म्हणून तर सोडल्या होत्या."

"कुणी सोडल्या?"

"मी. चिठ्ठ्या टाकून. कुठल्या ओळी सोडायच्या ते चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचं असतं, म्हणजे मुद्दाम निवडल्या असं कुणी म्हणू शकत नाही."

"म्हंजे त्यांचा गुन्हा बी न्हाई काही."

"गुन्ह्याचा प्रश्नच नाही इथे."

"मग मास्तर, एक सांगा." तिने ओच्यातली पानं टोपलीत ओतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमच्याकडं पंगत बसली, पानं मांडली. तुम्ही वाढत निघालात. एकाला वाढलं, दुसऱ्याला वाढलं, आणि तिसऱ्याच्या पानाशी आल्यावर सरळ पुढं गेलात. त्येनं वर तोंड करून बघितलं तरी गेलात. चालंल?"

"ही माणसं नाहीत, आक्का. वेली आहेत."

"म्हणून तर. माणूस मागून तरी घेतो. वेल काय मागणार?"

"शास्त्र असं चालत नाही," एवढं म्हणून मी सायकल काढली.

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी," ती मागून म्हणाली. "माझ्या मळ्यात पंक्तिप्रपंच व्हायचा न्हाई."

पंक्तिप्रपंच. हा शब्द मी लहानपणी घरी ऐकला होता. काकूने पाहुण्यांच्या मुलाला जास्त तूप वाढलं की आजोबा तो उच्चारायचे आणि काकू लाजेने लाल व्हायची. पण आमच्या विभागाच्या कुठल्याही पुस्तकात, प्रयोग कशाकशाने बिघडतो याच्या यादीत, तो नव्हता. उंदीर होते, गारपीट होती, चुकीचं पाणी होतं.

पुढचे दिवस मी दुसरा मळा शोधत हिंडलो. ओढ्यापलीकडचा तर आधीच गेला होता. इतर बहुतेकांनी बाजारातली औषधं मारून ठेवलेली. एकाने लवंगेच्या तेलाची गोष्ट ऐकली होती. त्याने मला बांधावरूनच नमस्कार केला. शेवटी झक मारत खोतांकडे परत आलो. फवारणी तर चालू ठेवायलाच हवी होती. मी यायचो, पंप भरायचो, फवारायचो, उरलेलं तेल स्वतः बांधावर ओतायचो आणि चहा न घेता निघायचो. गौराक्का लांबून बघायची. चार ओळींना हात लावू नका असं तिला पुन्हा सांगायची माझी हिंमत नव्हती. आणि सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, रिठ्याचं पाणी तिच्या घरी होतं आणि गवती चहा परसात.

एक दिवस शिवलिंग चहा घेऊन बांधावर आला. "घ्या. न्हाई म्हणू नका. आई दोन दिस जेवण टाळाय लागलीया."

"माझ्यामुळे?"

"तुमची नोकरी जाईल म्हणालासा न्हवं? ते घोळतंय तिच्या मनात."

मी चहा घेतला. थोड्या वेळाने ती स्वतः आली. माझ्या शेजारी नाही, जरा लांब बांधावर बसली.

"तुमाला चारच ओळी पायजेत?" तिने विचारलं.

"चारच."

"कुठल्या बी?"

नियम मला पाठ होता. "चिठ्ठ्या टाकून," मी म्हणालो.

"चिठ्ठी मी काढू देणार न्हाई. विहिरीकडच्या चार घ्या. त्या माझ्या हायत."

"सगळा मळाच तुमचा आहे."

"सगळा खोतांचा. त्या चार माझ्या. लग्न होऊन आल्यावर माहेरनं बेणं आणून मी लावलं. मळा किती बार मोडला, किती बार नवा लावला, पर ते बेणं मी जाऊ दिलं न्हाई. आमच्या गावात आता पानमळाच उरला न्हाई. ती वेल हितंच हाय तेवढी." ती बोलताना विहिरीकडे बघत होती. "तर त्या घरच्या. पंगतीला घरची बाई कधी बसते? सगळ्यांच्या मागनं. उरलं तर जेवते, न्हाई उरलं तर तांब्याभर पाणी पिऊन उठते. त्येला कुणी पंक्तिप्रपंच म्हणत न्हाई. त्या चार राहू द्या तशाच. माझा हात लागणार न्हाई."

विहिरीजवळची जागा दमट होती. तिथे करपा इतर ठिकाणापेक्षा जास्त येणार हे मला दिसत होतं, आणि निवड माझ्या चिठ्ठीची नव्हती. हे सगळं कळत असून मी "चालेल" म्हणालो, कारण दुसरं काही मिळणारच नव्हतं. खांबेट्यांना पुढे सगळं सांगायचं होतंच. तेव्हा वाटलं, फरक इतका ढळढळीत दिसेल की ते मान्य करतील.

परतीचा पाऊस दसऱ्याच्या सुमाराला लागला. उन्हं पडली की दमट वाफ, संध्याकाळी सर. करप्याला याहून चांगलं आमंत्रण नाही. विहिरीकडच्या ओळींत पहिले ठिपके दिसले तेव्हा मी आनंदाने ओरडणार होतो, पण गौराक्का पलीकडे पानं खुडत होती, म्हणून तोंड मिटलं. ठिपके पसरले, पानं पिवळी पडून गळाली, मग खोड काळं पडलं. फवारलेल्या ओळी मात्र तशाच टवटवीत. आंधळ्यालाही दिसावा असा फरक. गौराक्का त्या दिवसांत विहिरीवर पाण्याला जाताना लांबून वळसा घालून जायची. तिने शब्द पाळला. मी पुन्हा पुन्हा पानं हुंगली, शिवलिंगला हुंगायला लावली. वास नव्हता.

फोटो, मोजणी, तक्ते घेऊन मी खांबेट्यांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग त्यांनी मळ्याच्या नकाशावर बोट ठेवलं.

"या चारही ओळी एकाच कोपऱ्यात कशा?"

"तिथे विहीर आहे, सर."

"म्हणूनच विचारतोय. चिठ्ठीत आल्या?"

"नाही. मालकीणबाईंनी दिल्या."

"का?"

"त्या घरच्या आहेत म्हणून."

मग मी सगळं सांगितलं, माहेरच्या बेण्यापासून पंगतीपर्यंत. खांबेट्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"चांगली बाई आहे," ते म्हणाले. "पण विहिरीकडे रोग जास्त येणारच. मग वाचवलं ते तेलाने का कोरड्या जागेने? हे मी कसं सांगू, आणि तुम्ही कसं सांगणार?"

"तेलानेच, सर. मला माहीत आहे."

"माहीत मलाही आहे. तेवढं पुरत नाही."

त्यांचं बरोबर होतं, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. भांडायला समोर कुणी चुकीचा माणूसच नव्हता. प्रकल्प त्या महिन्यात बंद झाला. अहवाल मी लिहिला, दीड पानांचा. त्यात खोतांच्या मळ्याबद्दल एक वाक्य होतं, की तेथील निरीक्षणे ग्राह्य धरता आली नाहीत.

दिवाळी झाल्यावर पंप आणि बाकीचं सामान आणायला मळ्यात गेलो. सायकलवर पूर्ण रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. चिठ्ठ्या का लागतात, दमट जागा म्हणजे काय, आणि तुमच्या वेली कशा फुकट गेल्या. हे शेवटचं वाक्य कुठल्याही बाजूने फिरवलं तरी तसंच निघत होतं.

गौराक्का विहिरीकडे होती. मेलेल्या वेली आधाराच्या शेवरीवरून सोडवून खाली रचत होती. हात काळे झाले होते. मुळाशी कुठे जिवंत डोळा उरलाय का म्हणून ती प्रत्येक खोड नखाने खरवडून बघत होती आणि बाजूला टाकत होती. बाजूला टाकलेल्यांचाच ढीग होता, दुसरा ढीग नव्हता.

"या, मास्तर," ती म्हणाली. "लागला का निकाल?"

"लागला."

"तेल लागू पडतंय का?"

"पडतंय, आक्का."

ते खरं होतं. निदान तेवढं तरी.

"मग ठीक हाय." तिने आणखी एक खोड खरवडलं, आत काळंच निघालं, टाकून दिलं. "साहेबांना म्हणावं, नीट लिवून ठेवा. कुणी इचारलं तर दाखवायला पायजे. मला परत वेली द्यायला जमणार न्हाई, माझ्यापाशी आता बेणं उरलेलं न्हाई."

मी तिच्या शेजारी बसलो आणि एक खोड हातात घेतलं.

"लिहून ठेवलंय," मी म्हणालो.